चेहऱ्यावरची मोठी रोमछिद्रे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरातल्या माझ्या दवाखान्यात रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर अशा भागांतून मराठी मंडळी येतात आणि ‘डॉक्टर, पोअर्स फार मोठे झालेत, काहीतरी करा’ म्हणतात. तोवर बहुतेकांचे लिंबू, सोडा, बर्फ, पार्लरची वाफ असे सगळे करून झालेले असते. काहींच्या पर्समध्ये मेडिकलवरून परस्पर आणलेली एखादी ट्यूबही असते. मोठ्या रोमछिद्रांमुळे तब्येतीला काही धोका नाही, पण त्यांच्यावर केलेल्या उपायांनी बिघडलेले चेहरे मला दर आठवड्याला दिसतात. ते थांबावे म्हणून नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे लिहिली आहेत.

रोमछिद्र म्हणजे नेमके काय?

चेहऱ्यावरच्या प्रत्येक केसाला, अगदी बारीक लव असली तरी तिलासुद्धा, एक तेलग्रंथी जोडलेली असते. त्या ग्रंथीतले तेल, म्हणजे सीबम, ज्या तोंडातून त्वचेवर येते ते रोमछिद्र. नाक, कपाळ, हनुवटी आणि नाकाला लागून असलेले गाल इथे या ग्रंथी मोठ्या आणि दाट असतात, म्हणून छिद्रेही तिथेच डोळ्यांत भरतात. दंडावर, पाठीवरही ती आहेत, पण तिकडे आपण इतक्या जवळून पाहत नाही. या तेलाने त्वचेतला ओलावा टिकतो. त्यामुळे ‘सगळे तेल काढून टाका’ हा सल्ला मुळातच चुकीचा आहे.

बहिणीची त्वचा गुळगुळीत, मग माझीच अशी का?

सख्ख्या बहिणींमध्येही फरक असतो. तेल किती तयार होते, केसाचे मूळ केवढे आहे आणि छिद्राभोवतीची त्वचा किती घट्ट आहे, या तीन गोष्टींवर छिद्र केवढे दिसणार ते ठरते. पहिल्या दोन गोष्टी बऱ्याच अंशी आईवडिलांकडून येतात. पुरुषांमध्ये अँड्रोजन संप्रेरकांमुळे तेल जास्त, म्हणून छिद्रेही मोठी.

तिसरी गोष्ट वयाची आणि उन्हाची. छिद्राच्या कडेला आधार देणारे कोलाजेन आणि इलास्टिनचे तंतू उन्हातल्या अतिनील किरणांनी वर्षानुवर्षे झिजतात. कापड जुने झाले की काज सैल पडते, तसे छिद्राचे तोंड पसरते. म्हणून विशीत नाकावर गोल दिसणारी छिद्रे चाळिशीनंतर गालांवर लांबट, थेंबासारखी दिसू लागतात. विशीतल्या मुलीला तेल कमी करणारे उपाय लागतात, तर तिच्या आईला उन्हापासून बचाव आणि कोलाजेन वाढवणारे उपाय. दोघींनी एकच क्रीम वाटून वापरले की निदान एकीची तरी निराशा होते.

ती कायमची बंद करता येतात का?

नाही. बंद झालीच तर तेल आत साठून पुळ्या येतील. छिद्राच्या तोंडाला ते उघडेल-मिटेल असा स्नायू नसतो. केसाच्या मुळाशी एक बारीक स्नायू असतो खरा. थंडीने अंगावर काटा येतो तो त्याच्यामुळे. पण तो केस उभा करतो, छिद्र आवळत नाही.

करता येते ते एवढे: छिद्रात अडकलेला मळ मोकळा करायचा, तेल थोडे कमी करायचे आणि कडेची त्वचा घट्ट ठेवायची. नेमाने केले तर तीन महिन्यांत फरक दिसतो आणि समोर बसलेल्या माणसाला ती छिद्रे जाणवेनाशी होतात. आरशाला नाक लावून पाहिले तर तेव्हाही दिसतील.

वाफ घेतल्याने उघडतात आणि बर्फाने मिटतात ना?

वाफेने तेल मऊ होते, त्यामुळे मळ काढायला सोपे जाते. बर्फाने रक्तवाहिन्या आकसतात, त्वचा थोडा वेळ ताणल्यासारखी वाटते आणि अर्ध्या तासात पहिल्यासारखी होते. बर्फ थेट त्वचेवर धरून ठेवू नका, भाजल्यासारखी इजा होते. वांग असलेल्यांनी वाफेपासूनही दूर राहावे, उष्णतेने वांग गडद होतो.

नाकावरचे काळे ठिपके कितीही काढले तरी परत येतात. असे का?

कारण त्यातले बरेचसे ब्लॅकहेड नसतातच. नाक दाबल्यावर करड्या-पिवळसर, मऊ, दोऱ्यासारखे जे बाहेर येते ते सीबम आणि मृत पेशींचे नेहमीचे अस्तर आहे. प्रत्येकाच्या नाकात ते असते, आणि काढले की साधारण महिन्याभरात पुन्हा भरते. खरा ब्लॅकहेड जास्त गडद, घट्ट आणि किंचित वर आलेला असतो. त्याचा काळा रंग मेलॅनिनमुळे आणि तेलाचा हवेशी संबंध आल्यामुळे येतो, मळामुळे नाही. तेव्हा काळे नाक म्हणजे अस्वच्छ माणूस, असे कुणी मुलांना म्हणू नये.

नाकावर चिकटवून ओढायच्या पट्ट्यांनी वरचा भाग निघतो, खालचा राहतो. एखाद्या वेळी चालेल. दर आठवड्याला ओढाल तर त्वचा लाल होईल आणि बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतील. नखांनी दाबणे सर्वांत वाईट, कारण छिद्राची भिंत आतून फुटते आणि सूज, डाग, कधी खड्डाही मागे राहतो.

आजी मुलतानी माती आणि बेसन लावायची. ते चालेल का?

चालेल. मुलतानी माती तेल शोषते, चेहरा काही तास मॅट दिसतो. आठवड्यातून एकदा, तेलकट त्वचेवर, दहा मिनिटे पुरे. ती पार वाळून तडकेपर्यंत ठेवू नका. ओलसर असतानाच धुवा आणि लगेच मॉइश्चरायझर लावा. कोरड्या किंवा खाज येणाऱ्या त्वचेवर लावूच नये. बेसन-साय हळुवार हातांनी लावून धुतले तर हरकत नाही, पण त्याने छिद्रे लहान होतात अशी आशा नको.

लिंबाला मात्र माझा सक्त नकार आहे. लिंबाच्या रसावर ऊन पडले की त्वचेवर भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि त्यांचे काळे डाग कित्येक महिने राहतात. खाण्याचा सोडा अल्कधर्मी असतो आणि आपल्या त्वचेचा पीएच ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल. सोड्याने तिचे संरक्षक आवरण मोडते. टूथपेस्टचेही तसेच. अंड्याचा पांढरा भाग वाळताना त्वचा ताणली जाते, धुतला की परिणाम संपला.

खसाखसा स्क्रब केला तर छिद्रे साफ होतील का?

नाही. अक्रोडाच्या सालीचे, साखरेचे किंवा जाड रव्याचे कण छिद्रांत शिरत नाहीत, फक्त वरची त्वचा ओरबाडतात. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर प्रत्येक ओरखडा डाग सोडू शकतो.

दिवसातून किती वेळा तोंड धुवावे? घरी बोअरचे पाणी आहे.

सकाळी आणि रात्री, शिवाय खूप घाम आल्यावर एकदा. चार-पाच वेळा धुतल्याने तेलाच्या ग्रंथी कमी काम करत नाहीत. त्वचा मात्र कोरडी होऊन चुरचुरते.

इंदुरात जलूदहून येणारे नर्मदेचे पाणी आणि कॉलनीतल्या बोअरचे पाणी यांतला फरक साबण लावताच हाताला कळतो. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार जास्त असले की साबणाचा चिकट थर त्वचेवर राहतो. यावर उपाय सोपा आहे. चेहऱ्याला अंगाचा साबण लावू नका, साबणविरहित सौम्य फेसवॉश घ्या. तेलकट त्वचेला सॅलिसिलिक अॅसिड असलेला फेसवॉश दिवसातून एकदा चालतो. शेवटचा हबका नर्मदेच्या किंवा फिल्टरच्या पाण्याचा मारता आला तर उत्तम. पाणी कोमट, टॉवेल स्वतःचा आणि टिपून पुसायचे.

स्कूटरवर जाणाऱ्या मुली धूळ आणि ऊन टाळायला तोंडाभोवती ओढणी गच्च बांधतात. ती सवय चांगली आहे, पण तीच ओढणी आठवडाभर बांधली तर घाम आणि घर्षणाने गालांवर, हनुवटीवर छिद्रे तुंबतात. रोज धुतलेला सुती स्कार्फ घ्या.

मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली. आठ दिवसांत चेहरा गोरा आणि गुळगुळीत झाला. पुढे चालू ठेवू का?

ट्यूबवरची बारीक अक्षरे आधी वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एकही नाव असेल तर ते स्टिरॉइड आहे. बऱ्याच ट्यूबमध्ये त्याच्या जोडीला हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनही असते. असे मिश्रण ठरावीक आजारात, ठरावीक दिवसांसाठी, डॉक्टरांच्या नजरेखाली वापरायचे असते. ते रोजचे फेस क्रीम नाही.

सुरुवातीला चेहरा सुंदर दिसतो, कारण स्टिरॉइडने रक्तवाहिन्या आकसतात, सूज उतरते, रंग फिका पडतो. मैत्रिणी विचारतात, काय लावतेस? आणि ती ट्यूब आणखी चार घरांत जाते. काही आठवड्यांनी त्वचा पातळ व्हायला लागते. गाल उन्हात किंवा चुलीपुढे गेले की लालबुंद होतात, बारीक लाल रेषा दिसतात, एकसारख्या पुळ्यांची झुंबड उठते, काही बायकांच्या चेहऱ्यावर लव वाढते. आणि ज्या छिद्रांसाठी ती आणली, ती कोलाजेन झिजल्यामुळे आणखी उघडी पडतात. ट्यूब बंद केली की आग होते, म्हणून लोक पुन्हा लावतात आणि त्यात अडकतात.

हे इतके वाढले आहे की आपल्या देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी स्टिरॉइडने बिघडलेल्या चेहऱ्याला वेगळ्या आजाराचे नाव दिले आहे, आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टिरॉइड मलमे शेड्यूल एच मध्ये घातली. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरीही काउंटरवर ती मिळतात.

काही महिने लावत असाल तर घाबरून एका दिवसात फेकून देऊ नका. ट्यूब सोबत घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे या. हळूहळू सोडवता येते, वेळ लागतो, पण बहुतेक चेहरे सावरतात. खासगी फी परवडत नसेल तर इंदुरातल्या सरकारी एम. वाय. रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे, तिथे जा. कुणीही तुम्हाला रागावणार नाही, आणि रागावलेच तरी इलाज सोडू नका.

सॅलिसिलिक, नायसिनामाइड, रेटिनॉल… सुरुवात कशाने करू?

एका वेळी एकच. इंटरनेटवर पाहून तीन-चार सीरम एकदम चालू करणाऱ्या मुली पंधरा दिवसांत चेहरा सोलून घेऊन येतात.

तेलकट, ब्लॅकहेड असलेल्या त्वचेला सॅलिसिलिक अॅसिड आधी. ते तेलात विरघळते, त्यामुळे छिद्राच्या आतपर्यंत पोहोचून तिथला मळ सैल करते. ०.५ ते २ टक्के पुरे, आठवड्यातून दोन-तीन रात्री. अॅस्पिरिनची अॅलर्जी असेल तर वापरू नये.

त्वचा नाजूक असेल तर नायसिनामाइड. हे जीवनसत्त्व बी-३ चे रूप आहे. २ ते ५ टक्क्यांत तेल थोडे कमी होते, डागही फिके पडतात आणि सहसा आग होत नाही. १० टक्क्यांची बाटली पाहून मोहात पडू नका. जास्त टक्के म्हणजे जास्त फायदा असे नसते, चुरचुर मात्र वाढते.

पण मोठ्या छिद्रांसाठी एकच औषध निवडायला सांगितले तर मी रेटिनॉइड निवडीन. ही जीवनसत्त्व अ च्या कुळातली औषधे. यांनी छिद्राच्या तोंडाशी पेशी चिकटून साठत नाहीत आणि खाली नवे कोलाजेन तयार होते, म्हणजे मळ आणि सैलपणा दोन्हींवर एकदम काम होते. ०.१ टक्का अॅडापॅलीन त्यातले सौम्य. ट्रेटिनॉइन जास्त जोरकस, ०.०२५ टक्क्यांपासून सुरू करतात. दोन्ही डॉक्टरांना विचारूनच घ्या. विनाचिठ्ठी मिळणारे रेटिनॉल आणखी सौम्य, त्यामुळे त्याला वेळ जास्त लागतो.

अॅडापॅलीन लावले आणि चेहरा सोलवटला, पुळ्याही वाढल्या. सोडून देऊ?

बहुतेक वेळा औषध बरोबर असते, लावण्याची पद्धत चुकलेली असते. रात्री चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्या, वीस मिनिटे थांबा. संपूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढे जेल घ्या, ठिपक्या-ठिपक्यांनी लावून पसरवा. डोळ्यांभोवती, नाकपुडीच्या कोपऱ्यात, ओठांच्या कडेला लावू नका. पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोनच रात्री, मग एक दिवसाआड, सोसले तर रोज. आधी मॉइश्चरायझर, वर जेल, वर पुन्हा मॉइश्चरायझर असे केले तरी चालते. कोरड्या त्वचेच्या बायकांना मी हेच सांगते.

पहिल्या महिन्यात थोडा कोरडेपणा, थोडी सालपटे आणि आत दबलेल्या पुळ्या वर येणे हे होतेच. सतत आग, सूज किंवा पाणी सुटणे होत असेल तर थांबा आणि दाखवा. फायदा आठ ते बारा आठवड्यांनी दिसतो. सहाव्या आठवड्यात कंटाळून सोडणारे फार, आणि मला त्यांचेच वाईट वाटते, कारण जवळपास पोहोचलेले असतात.

गरोदर आहे, किंवा राहायचा विचार आहे. काय वापरू?

रेटिनॉइड बंद, लावायचे असो वा खायचे. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांनी बाळात गंभीर व्यंग येते, त्यामुळे त्या चालू असताना गर्भधारणा होऊ देता कामा नये, आणि बंद केल्यावरही किमान एक महिना थांबावे लागते. नायसिनामाइड, अॅझेलाइक अॅसिड, मॉइश्चरायझर आणि झिंक ऑक्साइडचे सनस्क्रीन या काळात चालते. घरात सुनेला सगळे ‘तोंडाला काही लावू नकोस’ म्हणतात. सनस्क्रीन तरी लावू द्या, कारण वांग याच काळात उठतो.

त्वचा आधीच तेलकट आहे, मग मॉइश्चरायझर कशाला?

तेल आणि पाणी वेगळे. वरून तेलकट त्वचा आतून कोरडी असू शकते, विशेषतः औषधे चालू असताना. जेल किंवा हलके लोशन घ्या, डब्यावर ‘नॉन-कॉमेडोजेनिक’, म्हणजे छिद्रे न तुंबवणारे, असे लिहिलेले पाहा. खोबरेल चेहऱ्यावर नको, छिद्रे तुंबतात. केसांना रात्रभर तेल चोपडून झोपत असाल तर कपाळावरच्या बारीक पुळ्यांचे कारण तेच असू शकते.

सनस्क्रीनने पुळ्या येतात. लावलेच पाहिजे का?

हो. छिद्रे पसरू नयेत यासाठी माझ्या मते हाच सर्वांत मोठा उपाय, आणि लोक सर्वांत जास्त टाळतात तोही हाच.

इंदूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे. जूनच्या सुरुवातीला आणि जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. वर आपण माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर राहतो. रात्री गार वारा सुटतो, म्हणून इथले ऊन सौम्य अशी आपली समजूत असते. पण गारव्याचा आणि अतिनील किरणांचा संबंध नाही. कोलाजेन मोडणारे अतिनील-अ किरण पावसाळी ढगांतून आणि गाडीच्या काचेतूनही येतात.

एसपीएफ ३० पुरे; ते जळजळ करणारे सुमारे ९७ टक्के किरण अडवते, ५० असले तर ९८ टक्के. त्यापेक्षा अतिनील-अ किरणांपासूनचे संरक्षण दाखवणाऱ्या ‘पीए’ या अक्षरांपुढे निदान तीन अधिक चिन्हे आहेत का ते पाहा. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढे लावा, बाहेर असाल तर दोन तासांनी पुन्हा. पुळ्या येत असतील तर क्रीम सोडून जेल किंवा मॅट प्रकार घ्या, आणि रात्री नीट धुवा.

रात्री सराफा बाजारात खाणे आणि सकाळी पोहे-जिलबी. त्यामुळे चेहरा तेलकट होतो का?

कचोरीतले तेल चेहऱ्यातून बाहेर येत नाही. जिलबी, साखरेचे चहा, कोल्ड्रिंक, मैदा यांनी रक्तातली साखर भरभर चढते, त्याने इन्सुलिन वाढते आणि तेलग्रंथी जास्त काम करतात, असा संबंध पुळ्यांच्या बाबतीत दिसतो. काहींना दुधानेही त्रास होतो. जिममध्ये व्हे प्रोटीन सुरू केल्यावर चेहरा आणि पाठ पुळ्यांनी भरलेली मुले तर नेहमी येतात. त्यांनी महिनाभर ते बंद करून पाहावे. पोह्यांवर शेव भुरभुरून खाल्ल्याने छिद्रे मोठी होत नाहीत, निश्चिंत खा. जिलबी रोजची नसावी, एवढेच. सिगारेट मात्र सोडाच, ती कोलाजेन थेट खराब करते.

सत्तावीस वर्षांची आहे, हनुवटीवर पुळ्या जात नाहीत आणि पाळीही अनियमित आहे.

मग क्रीम बदलत बसू नका. हनुवटीवर जाड केस, डोक्यावरचे केस विरळ होणे, वजन वाढणे यांपैकी काही असेल तर पीसीओएसची, म्हणजे अंडाशय आणि संप्रेरकांच्या बिघाडाची, तपासणी करून घ्या. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि त्वचारोगतज्ज्ञ दोघांनी मिळून पाहायची ही गोष्ट आहे.

मुलगी चौदाची आहे. तिला काय लावू?

सौम्य फेसवॉश, हलके मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. बास. या वयात संप्रेरकांमुळे तेल वाढणारच. पुळ्या असतील तर डॉक्टरांना दाखवा, खड्डे पडायची वाट पाहू नका. सुरकुत्यांची सीरम तिला देऊ नका. आणि नातेवाइकांसमोर तिच्या चेहऱ्याची चर्चा करू नका. ती ऐकत असते.

रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, राजवाड्यावर जातो. नंतर चेहऱ्याची वाट लागते.

आधी तीन-चार दिवस रेटिनॉइड आणि सॅलिसिलिक बंद ठेवा. त्या सकाळी जाड थर मॉइश्चरायझरचा, त्यावर पाण्याने न निघणारे सनस्क्रीन. घरी आल्यावर आधी कोरडा गुलाल झटका, मग भरपूर पाणी, मग सौम्य फेसवॉश, एकदाच. रंग राहिला तर राहू द्या, दोन-तीन दिवसांत आपोआप जातो. रॉकेल, कपड्यांचा साबण, दगड यांनी चेहरा घासू नका; लोक खरोखर वापरतात, म्हणून सांगते. पुढचे तीन दिवस फक्त मॉइश्चरायझर.

पंधरा दिवसांवर लग्न आहे. काही लवकर होईल का?

नवे काहीही सुरू करू नका. पील (अॅसिड लावून त्वचेचा वरचा थर काढणे), लेझर, नवे सीरम, नवे फेशियल, सगळे लग्नानंतर. त्या दिवसापुरता सिलिकॉनचा प्रायमर छिद्रांच्या जागा भरून काढतो, त्यावर पातळ मॅट फाउंडेशन, पावडर थापायची नाही. चकाकी असलेला मेकअप गालांवर टाळा, त्यात छिद्रे जास्त दिसतात. ब्रश आणि स्पंज स्वतःचे असावेत. रात्री कितीही उशीर झाला तरी मेकअप उतरवूनच झोपायचे.

लेझर, पील, सुयांचे उपचार यांनी खरेच फायदा होतो का?

होतो, माणूस नीट निवडला तर. तेलकट त्वचेला २० ते ३० टक्के सॅलिसिलिकचे पील बरे. त्वचा सैल झाली असेल, पुळ्यांचे खड्डेही असतील, तर मायक्रोनीडलिंग किंवा सुयांमधून रेडिओफ्रिक्वेन्सी देण्याचा उपचार. बारीक इजा केली की भरून येताना नवे कोलाजेन बनते. फ्रॅक्शनल लेझर त्याहून जोरकस. सहसा चार-सहा आठवड्यांच्या अंतराने तीन किंवा जास्त बैठका लागतात, आणि परिणाम टिकवायला घरी रेटिनॉइड व सनस्क्रीन चालूच ठेवावे लागते.

आपल्या त्वचेत मेलॅनिन जास्त. लेझरची शक्ती जरा जास्त झाली किंवा उपचारानंतर उन्हात फिरलात, तर काळे डाग पडतात आणि ते छिद्रांपेक्षा जास्त दिसतात. म्हणून मशीन कुठले यापेक्षा ते चालवणारा कोण, हे विचारा. एप्रिल-मे टाळून पाऊस किंवा थंडी निवडा. ‘छिद्रे शंभर टक्के घालवू’ अशी हमी देणाऱ्याकडून उठून या. घरी वापरायचा सुयांचा रोलर घेऊ नका. पार्लरमधले हायड्रा प्रकारचे फेशियल वरची सफाई करते, चेहरा आठवडाभर टवटवीत दिसतो; आवड म्हणून करा, उपचार म्हणून नको.

आधी तीन महिने घरचे उपाय करा, मग यांचा विचार. एका बैठकीच्या पैशांत कित्येक महिन्यांचे जेल आणि सनस्क्रीन येते.

ही छिद्रे आहेत की पुळ्यांचे खड्डे, कसे ओळखावे?

छिद्रे साधारण एकसारखी, दाट आणि दोन्ही गालांवर सारखी असतात. खड्डे लहानमोठे, विखुरलेले आणि जिथे पुळ्या आल्या होत्या तिथेच. सुईने टोचल्यासारखे अरुंद आणि खोल असतील तर ते क्रीमने भरत नाहीत. त्यांच्यात थेंबभर तीव्र टीसीए अॅसिड भरण्याची वेगळी पद्धत आहे, ती डॉक्टरच करतात.

मोबाइलच्या फोटोत फारच मोठी दिसतात.

फोन जवळ धरून काढलेल्या सेल्फीत नाक आणि गालांचा मधला भाग मुळात फुगतो, बाजूने पडलेला उजेड प्रत्येक छिद्राला सावली देतो. मोठे करून दाखवणारा आरसा असेल तर कपाटात ठेवा. फरक पाहायचाच असेल तर महिन्यातून एकदा, त्याच खिडकीशी, त्याच वेळी, हातभर अंतरावरून फोटो काढा.

गालावर एकच मोठे छिद्र आहे, आत काळा खडा असतो, काढला की पुन्हा भरतो.

असे एकुलते एक पसरलेले छिद्र बहुधा वयस्क माणसांच्या चेहऱ्यावर किंवा पाठीवर दिसते. ते निरुपद्रवी असते. खडा काढून ते जात नाही, कारण आतले अस्तर तसेच राहते. नकोच असेल तर जागा बधिर करून अस्तरासकट काढून टाकतात, एखादा टाका पडतो. पण ते वाढत असेल, कडा चकचकीत किंवा काळसर झाल्या असतील, रक्त येत असेल किंवा महिनाभरात भरून येत नसेल, तर पार्लरमध्ये हात लावू न देता सरळ डॉक्टरांना दाखवा. अशा वेळी छोटा तुकडा काढून तपासणीला पाठवावा लागतो.